चित्र म्हैसूरचे, चित्रकार सावंतवाडीचे!

कोजागिरीची रात्र. दूध आटलेले, भेळ संपलेली, गाण्यांच्या भेंड्या खेळून खेळून सगळ्यांचे घसे बसलेले. अशा वेळी कुणीतरी एक चित्र पुढे करतो आणि म्हणतो, ‘‘ओळखा पाहू, हे कुणी काढलंय?’’

चित्रात एक तरुणी उभी आहे. एका हातात दिवा आहे. दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा धरला आहे. दिव्याचा उजेड बोटांतून झिरपतो आहे आणि खालून तिच्या चेहऱ्यावर पडला आहे. बाकी सारा काळोख.

उत्तर यायला क्षणाचाही वेळ लागत नाही. ‘‘त्यात काय ओळखायचं? राजा रविवर्मा!’’ दुसरा मान डोलावतो. तिसरी म्हणते, ‘‘आम्ही म्हैसूरला गेलो होतो तेव्हा पाहिलंय ना! तिथेही सगळे रविवर्माच म्हणत होते.’’ मत एकमुखी आणि चुकीचे!

हे चित्र रविवर्म्यांचे नाही. ते आहे सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर या मराठी चित्रकाराचे. ‘ग्लो ऑफ होप’ म्हणजे ‘आशेचा प्रकाश’ या नावाने ते ओळखले जाते. १९४५-४६ च्या सुमारास रंगवलेले हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील कलासंग्रहाचे मोठे आकर्षण ठरले.

सगळेच कसे चुकतात?

रविवर्म्यांचे नाव ओठांवर येण्याला कारणे आहेत. जगनमोहन पॅलेसच्या संग्रहात त्यांची अनेक अस्सल चित्रे आहेत. ती पाहत पाहत पुढे आलेल्या प्रवाशाला दिवा घेतलेली ही स्त्रीसुद्धा त्याच मालिकेतली वाटते. साडी नेसलेली देखणी स्त्री, हुबेहूब रंगवलेले हात, चेहऱ्यावर शांत भाव, म्हणजे रविवर्मा असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे.

ते बसवले ओलिओग्राफ चित्रांनी. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी देशभरातल्या देवघरांत आणि बैठकीच्या खोल्यांत लागल्या. ज्या घरात दुसऱ्या एकाही चित्रकाराचे नाव माहीत नव्हते, त्या घरातही हे एक नाव पोहोचले. साहजिकच, एखादे सुंदर जुने चित्र दिसले की आपण चित्राकडे पाहत नाही, आठवणीतले एकुलते एक नाव सांगून मोकळे होतो.

उत्तर चित्रातच आहे

खरे तर या कोड्याचे उत्तर शोधायला कलासमीक्षक व्हावे लागत नाही. पहिला पुरावा सनावळीचा. रविवर्मा १८४८ साली जन्मले आणि १९०६ साली वारले. हे चित्र त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी रंगवले गेले. एवढे एकच माहीत असले तरी वाद मिटतो.

दुसरा पुरावा रंगांचा. रविवर्म्यांची कीर्ती मुख्यतः तैलरंगातल्या चित्रांवर उभी आहे. हे चित्र मात्र जलरंगातले आहे. दिव्याच्या प्रकाशाचे चित्र जलरंगात काढणे म्हणजे काय, हे समजले की हळदणकरांची थोरवी कळते.

तैलरंग दाट असतात. आधी गडद काळोख रंगवून त्यावर पिवळा-पांढरा रंग चढवता येतो. चुकले तर खरवडून पुन्हा रंगवता येते. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. तिथे कागदाचा पांढरेपणा हाच उजेड! ज्योत जिथे हवी तिथला कागद सुरुवातीपासून सांभाळावा लागतो. फिक्याकडून गडदाकडे पातळ थर देत जायचे आणि काळोख आणताना तो उजेडावर सांडू द्यायचा नाही. रांगोळीत एखादे बोट इकडेतिकडे गेले तर पुसता येते, इथे चूक कागदात मुरते. त्या बोटांतून झिरपणारा लालसर प्रकाश पाहताना हे लक्षात ठेवले, तर आपण नुसते ‘छान आहे’ म्हणून पुढे जाणार नाही.

सावंतवाडीचा मुलगा

हळदणकरांचा जन्म १८८२ सालचा. मुलाच्या हातात कला आहे हे सावंतवाडी संस्थानात जाणले गेले आणि १९०३ साली तो मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि अनेकांना चित्रकला शिकवली. १९१८ साली स्थापन झालेल्या ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’च्या संस्थापकांत ते होते. १९६८ साली ते वारले. म्हणजे माणूस अज्ञात नव्हता. चित्रकारांच्या वर्तुळात त्यांचा मोठा मान होता. पण सामान्य प्रेक्षकाच्या मनात त्यांचे सर्वांत गाजलेले चित्रच दुसऱ्याच्या नावावर जमा झाले!

दिवा धरणारे हात

या चित्राला आणखी एक नाव जोडलेले आहे. दिवा घेऊन उभी असलेली ती तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीता उपळेकर. दिवाळीच्या संध्याकाळी साडी नेसलेली लेक ज्योत विझू नये म्हणून हाताचा आडोसा करून घरात वावरत होती. ते दृश्य वडिलांच्या डोळ्यांत भरले आणि चित्राची कल्पना सुचली, अशी त्यामागची हकिगत सांगितली जाते.

आपल्याकडे कितीतरी घरांत दिवेलागणीला हे दृश्य दिसते. आई, बहीण, सून, लेक दिवा घेऊन देवघरातून तुळशीपर्यंत जाते. घरातली माणसे ते रोज पाहतात, म्हणूनच कदाचित पाहत नाहीत. एका बापाने ते थांबून पाहिले. ज्या चित्राला आपण राजदरबारातले समजतो, ते एका मराठी घरातले आहे.

गीताताई कोल्हापूरला राहत. १०२ वर्षांचे आयुष्य लाभून २०१८ साली त्यांचे निधन झाले. तेव्हा वर्तमानपत्रांतून चित्राची कथा पुन्हा छापून आली आणि अनेकांना खरा चित्रकार कोण हे प्रथमच कळले. इतकी वर्षे ज्या हातांकडे लोक कौतुकाने पाहत होते, ते हात आपल्यातच होते!

खेळ खेळा, पण असा

मग मित्रमंडळींत चित्रकार ओळखण्याचा खेळ खेळूच नये का? जरूर खेळावा! फक्त नियम थोडा बदलावा. चित्राखालचे नाव झाकून ठेवा. प्रत्येकाने चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव लिहावे आणि त्याखाली एक कारण. उजेड कुठून येतो आहे? रंग दाट आहेत की पातळ? साडी कोणत्या धाटणीची? कोपऱ्यात सही आहे का? गुण नावाला एक आणि कारणाला दोन. मुलांना सामील करून घ्या. ‘‘दिवा पिवळा आणि बोटं लाल का?’’ असा प्रश्न बहुधा तेच आधी विचारतील.

नाव चुकले तर बिघडत नाही. हळदणकरांचे चित्र रविवर्म्यांचे वाटावे, यात एका परीने त्यांच्या कसबाला दादच आहे. पण चुकीचे नाव खात्री न करता पुढच्या दहा जणांना सांगणे, ही दाद नव्हे. एखाद्याच्या आयुष्यभराच्या मेहनतीवर दुसऱ्याचे नाव लिहिणे ते हेच.

तेव्हा पुढच्या वेळी ते चित्र समोर आले आणि कुणी चटकन ‘‘रविवर्मा!’’ म्हणाले, तर हसू नका. त्याला जरा जवळ बोलवा, त्या बोटांकडे नीट पाहायला सांगा आणि मग नाव सांगा : सावळाराम लक्ष्मण हळदणकर.