कोंबड्यांची टोचाटोची



आषाढ लागला की माळव्याची काळी जमीन पायाला चिकटू लागते. उज्जैनच्या आमच्या परसाचीही तीच गत होते. म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही आठ कोंबड्या काही दिवस खुराड्यातच कोंडून ठेवल्या. त्यांत एक झाबुआकडची कडकनाथ होती. या जातीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिच्या शेपटीच्या मुळाशी पिसे विरळ झालेली मला दिसली होती. परंतु पिसे झडण्याचा काळ असेल, असे म्हणून मी स्वस्थ बसलो. तिची कातडीही काळीच, त्यामुळे जखम नजरेत भरली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती मेलेली आढळली आणि इतरांच्या चोचींना रक्त लागले होते.

ही चूक इतरांकडून होऊ नये, एवढ्यासाठी आज बोलतो आहे. पिसे आपोआप झडतात तेव्हा ती बहुधा डोक्यामानेपासून झडू लागतात व मागोमाग नवी कोंबे फुटतात. टोचणीत मात्र पाठ आणि शेपटीचे मूळ उघडे पडते व तेथे मोडकी पिसे दिसतात.

टोचणारी कोंबडी दुष्ट असते, असा आपला समज असतो. कळपात मानाची उतरंड असते आणि ती डोक्यावर चोच मारून राखली जाते, हे खरे. नॉर्वेच्या शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या सुमारास ही उतरंड प्रथम सविस्तर मांडली. परंतु पिसे उपटणे हा प्रकार निराळा आहे. कोंबडीचा पूर्वज रानकोंबडा. दिवसाचा बराचसा वेळ माती उकरून दाणा-किडा वेचणे हा त्याचा धर्म. कोंडलेल्या कोंबडीला उकरावयास माती मिळाली नाही, म्हणजे तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. त्यात गर्दी, उकाडा, झगझगीत दिवा किंवा फटींत लपून रात्री रक्त पिणारे गोचिडीसारखे जीव यांची भर पडली की प्रकरण रक्तापर्यंत जाते. आणि एकदा रक्त दिसले की सगळ्याच तुटून पडतात.

आहाराचाही दोष असतो. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात शेकडा १६ ते १७ भाग प्रथिने लागतात. नुसत्या ज्वारी-मक्यात ती शेकडा दहाच्या आसपासच असतात. माळवा सोयाबीनचा मुलूख असल्याने सोयापेंड येथे सहज मिळते; ती खाद्यात मिसळावी. कच्चे सोयाबीन मात्र घालू नये, कारण ते पचनास बाधते. खाद्यात थोडे मीठ व शिंपल्यांचा चुराही असावा.

जखमी कोंबडी दिसताच प्रथम वेगळी करावी, जखम धुऊन जंतुनाशक मलम लावावे आणि जखम भरून पिसे फुटेपर्यंत तिला परत सोडू नये. टोचणारी ओळखू आली तर तिलाही काही दिवस निराळे ठेवावे. मग खुराड्याकडे वळावे. दर कोंबडीस निदान चार चौरस फूट जागा हवी. खाली तीन-चार इंच कोरडा भुसा पसरून त्यात मूठभर दाणे टाकावेत, म्हणजे उकरण्याची हौस भागते. पालक-मेथीची जुडी उंच टांगावी, राख व वाळू भरलेली पाटी अंग घोळवण्यास ठेवावी. दाण्याची भांडी दोन-तीन असावीत, म्हणजे दुबळीलाही पोटभर मिळते. अंडी घालण्याची जागा अंधारी असावी.

काही जण चोचीचे टोक छाटण्याचा सल्ला देतात. चोचीत संवेदना असते. छाटल्याने वेदना होते आणि टोचण्याचे मूळ कारण तसेच राहते. परसातल्या चार-आठ कोंबड्यांसाठी हा मार्ग नव्हे.

टोचणीची खोड एकीचे पाहून दुसरीला लागते व मग सुटता सुटत नाही. आमच्या उरलेल्या सात कोंबड्यांसाठी आम्ही खुराड्यापुढे पत्र्याचे छप्पर घातले. आता पावसातही त्यांना कोरडी माती उकरावयास मिळते. दाणा टाकताना रोज प्रत्येकीच्या शेपटीचे मूळ पाहतो. त्याला दोन मिनिटे लागतात. तेवढी दोन मिनिटे मी गेल्या आषाढात दिली असती, तर ती कडकनाथ वाचली असती.