पायाखालचा खडक : माहूर, खरोसा, देगलूर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हापासून लातूर-नांदेडकडच्या शाळांत भूगोलाच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. आपल्या पायाखाली नेमके आहे तरी काय? त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : आपला काळा दगड ज्वालामुखीचा, मग तो ज्वालामुखी परत जागा झाला होता का? शिक्षक फळ्यावर थरांची आकृती काढतात, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि शंका तशीच राहते. आमच्या मते याचे उत्तर फळ्यावर मिळण्यापेक्षा डोंगरवाटांवर लवकर मिळते. त्यासाठी सह्याद्री गाठण्याची गरज नाही. या दोन जिल्ह्यांतच तीन तऱ्हेचे खडक आहेत, आणि ते ओळखायला शिकले की आपल्या पायाखालचा बराचसा पत्ता लागतो.

आधी किल्लारीचेच पाहू. भूकंपानंतर तिथे जमिनीत ६१७ मीटर खोल भोक पाडण्यात आले. वरचे ३३८ मीटर लाव्हाचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट लागला. त्याखाली जेमतेम ८ मीटरचा गाळाचा थर होता. त्याच्याखाली शेवटपर्यंत अतिप्राचीन स्फटिकमय खडक लागला, तोच दख्खनचा पाया. लाव्हाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे, तर हा पाया अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. भूकंपात तुटला तो हा पाया, आणि तोही भोक पोहोचले त्याहून कितीतरी खाली. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण पायातल्या जुन्या भेगांवर साठतो आणि कधीतरी एखादी भेग सरकते. यात ज्वालामुखीचा संबंध नाही. तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झाला.

हे सगळे वाटेवर पाहायचे तर सुरुवात माहूरपासून करावी. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता ही तिन्ही ठिकाणे वेगवेगळ्या शिखरांवर आहेत. वरपर्यंत गाडीरस्ता झाला असला तरी विद्यार्थ्यांना पायवाटेनेच न्यावे. माहूर-किनवटचे हे डोंगर म्हणजे मराठवाड्यातले खरे जंगल : साग, मोह, टेंभुर्णी, धावडा. गोंड, कोलाम, आंध या समाजांची वस्ती याच भागात आहे, आणि झाडांची नावे विचारायची तर त्यांच्याइतका चांगला शिक्षक मिळणार नाही.

चढताना मुलांना एकच काम द्यावे. दम कुठे लागतो आणि कुठे ओसरतो, याची नोंद ठेवायची. थोड्याच वेळात ध्यानात येते की वाट एकसारखी चढत नाही. एक उभा टप्पा येतो, मग थोडी सपाटी, मग पुन्हा उभा टप्पा. लाव्हा एकदाच वाहिला नाही. एक प्रवाह आला, थिजला, त्यावर पुढे कधीतरी दुसरा आला. प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट, तो झिजायला हट्टी, म्हणून तिथे कडा उभा राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. तो लवकर कुजतो आणि तिथे उताराची सपाटी तयार होते. माती साठते ती या सपाटीवर, त्यामुळे सागाची दाटीही तिथेच. कड्यावर मात्र भेगेत मुळे खुपसून बसलेली पिंपरण नाहीतर एखादा वड दिसतो. म्हणजे झाडे पाहूनही लाव्हाच्या पायऱ्या मोजता येतात. गणित दरवेळी नेमके जुळेलच असे नाही, कारण एकाच प्रवाहात लहान लहान जिभाही असतात. पण अंदाज म्हणून ही पद्धत फार चांगली आहे.

रस्त्याच्या खोदाईत दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मध्ये जो निवांत काळ गेला, त्यात तयार झालेली ही माती वरून आलेल्या लाव्हाने भाजून निघाली. सच्छिद्र दगड सापडला तर त्याची भोके भिंगातून पाहावीत. पुष्कळदा त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात.

माहूर गावाजवळची पांडवलेणी याच बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. ती पाहून लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, किल्लारीपासून फारशा लांब नसलेल्या खरोशाच्या डोंगरावर जावे. ही लेणी साधारण सहाव्या शतकातली मानतात. इथे मुलांच्या पटकन लक्षात येते की मूर्तींचे नाक-डोळे पुसट झाले आहेत आणि भिंतींना तांबूस, खरबरीत, भोकाभोकांचा पोत आहे. हा जांभा. कोकणात घरे बांधतात तोच. उष्ण हवेत भरपूर पाऊस लाखो वर्षे पडत राहिला की दगडातली सिलिका, चुना वगैरे धुऊन जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतात. थोडक्यात, जांभा म्हणजे जागच्या जागी गंजलेला बेसाल्ट. खणताना तो मऊ असतो, उघड्यावर आला की कडक होतो. कोरायला सोपा, पण बारीक नक्षी टिकवायला नालायक. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यातला एक डोंगर पूर्वीच्या मुबलक पावसाची साक्ष देतो, हे वर्गात सांगून पाहावे. मुले गप्प होतात.

आता तिसरी वाट, आणि आमच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोलाची. किल्लारीहून ईशान्येला सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरवर देगलूर आहे. या वाटेत लाव्हाचे आवरण पातळ होत जाते आणि देगलूर-बिलोलीच्या बाजूला संपते. पश्चिमेकडे सह्याद्रीत हेच आवरण दीड किलोमीटरहून जाड आहे. इथे ते मुळातच पातळ पसरले होते, शिवाय जे होते तेही झिजून कडा मागे सरकली. त्यामुळे किल्लारीला साडेतीनशे मीटर खाली लपलेला पाया, किंवा निदान त्याचा सख्खा भाऊबंद, देगलूरकडच्या माळावर उन्हात बसलेला आहे. त्यावर हात ठेवता येतो.

इथली टेकडी दुरूनच वेगळी कळते. माथा सपाट नाही, पायऱ्या नाहीत. गोल गोल प्रचंड धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे. मध्ये सीताफळ, पळस, तरवड. ही रचना पाहून कुणीही विचारतो, की हे धोंडे वर चढवले कुणी? कुणीच नाही. ते तिथेच घडले. ग्रॅनाइट जमिनीखाली काही किलोमीटरवर सावकाश थिजला. सावकाश थिजला म्हणून त्याचे कण मोठे : काचेसारखी गारगोटी, गुलाबी किंवा पांढरे फेल्स्पार, चमकणारा काळा अभ्रक. वरचे ओझे झिजून गेल्यावर दाब कमी झाला आणि खडकाला उभ्या-आडव्या चिरा पडल्या. जणू मोठमोठ्या विटा रचून ठेवल्या. चिरांतून पाणी शिरले. विटेच्या सपाट बाजूवर पाण्याचा मारा एकीकडून होतो, कडेवर दोन बाजूंनी आणि कोपऱ्यावर तिन्हीकडून. साहजिकच कोपरे आधी कुजतात. खडीसाखरेचा खडा तोंडात धरून पाहा, तोही आधी कोपऱ्यांनीच विरघळतो. कुजलेली भरड पावसाने वाहून गेली आणि मधले गोल गाभे एकमेकांवर टेकून उरले.

एक खबरदारी घ्यावी. गोल धोंडा दिसला की ग्रॅनाइट, असे मुले लगेच ठरवून टाकतात. बेसाल्टही कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सोडतो आणि आत गोल गोटा उरतो. ओळखायचे ते कणांवरून, आकारावरून नव्हे. किल्लारी भागातल्या जुन्या घरांच्या जाड भिंती अशाच ओबडधोबड, गोलसर काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत. धक्का बसताच भिंती फुटल्या, वर मातीचे जड धाबे, आणि झोपेतली माणसे त्याखाली सापडली. मृत्यू हजारोंनी झाले ते बरेचसे या रचनेमुळे.

ग्रॅनाइटच्या या टेकड्या खडी आणि फरशीसाठी दख्खनभर फुटत आहेत. हैदराबादेत असेच धोंडे शहराच्या वाढीत नाहीसे होऊ लागले, तेव्हा १९९६ मध्ये ते वाचवण्यासाठी 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था निघाली. आपल्याकडे या धोंड्यांना अजून माळावरचे निरुपयोगी दगडच समजतात. झाड पुन्हा लावता येते. असा धोंडा फुटला की गेलाच.

सहलीला नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. माहूर-किनवटच्या जंगलात शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी. कड्यांवर आग्यामोहोळ असते, त्यामुळे खाली धूर किंवा आरडाओरडा नको. लेण्यांना आणि उभ्या धोंड्यांना हातोडी लावू नये. खाली पडलेले तुकडे पुरतात. तिन्ही वाटांवरचा एकेक तुकडा वर्गात मांडून ठेवावा आणि लोहचुंबक, भिंग व पाण्याचा थेंब घेऊन मुलांनाच फरक शोधू द्यावेत. मग उदगीरजवळ देवर्जनच्या हत्तीबेटावर एक फेरी काढावी. तिथला खडक या तिघांपैकी कोणाशी जुळतो, हे आम्ही मुद्दामच सांगत नाही.