अंगणातील हिरवळ : गवताचीही पारख हवी

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत शेड उभी राहिली, ऑफिसला रंग लागला, की मालकाचे लक्ष समोरच्या मोकळ्या जागेकडे जाते. घर बांधणाऱ्याचेही तेच. थोडी हिरवळ असावी, ही इच्छा चांगलीच आहे. मात्र रोपवाटिकेत जाऊन दिसायला सर्वात मऊ आणि भावाला सर्वात महाग असलेले गवत उचलले, तर एप्रिलच्या उन्हात पैसा आणि मेहनत दोन्ही वाळून जातात.

आम्ही कापडाच्या धंद्यातील माणसे. गिऱ्हाईक आले की आम्ही आधी विचारतो, कापड कशासाठी हवे? शर्टाचे कापड गादीला चालत नाही. गवताचा हिशेबही असाच आहे. ऊन किती, पाणी किती आणि वावर किती, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी काढावीत. भाव नंतर विचारावा.

उघड्या उन्हाची जागा : दिवसाचे सहा तास वा अधिक ऊन पडत असेल, तर आपली हरळी सर्वात किफायतशीर. बाहेर हिलाच बर्म्युडा म्हणतात. उसात हीच हरळी उपटताना शेतकरी मेटाकुटीस येतो. तिच्या मुळ्या चिवट असतात, जमिनीवर आणि जमिनीखाली ती पसरत जाते. शेतातला हा दोष अंगणात गुण ठरतो. माणसांच्या वावराने दबली तरी ती पुन्हा उठते, पाण्याचा ताण सोसते. विंधन विहिरीचे पाणी थोडे खारट असले तरी तग धरते. शेजारी शेत असल्यास मात्र कडेने विटांची खोल ओळ गाडावी, नाहीतर शेजाऱ्याशी तंटा ठरलेला.

सावलीची जागा : भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला हरळी विरळ होते. तेथे रुंद पानाचे सेंट ऑगस्टीन बरे. ते जाडेभरडे दिसते, पाणीही अधिक मागते, पण कमी उन्हात टिकते. दिवसभर दाट सावली असेल, तर गवताचा नाद सोडून फरशी किंवा कुंड्या कराव्यात.

शोभेची जागा : 'मेक्सिकन' किंवा 'कोरियन' या नावांनी विकले जाणारे बारीक पानाचे गवत झॉयशिया जातीचे असते. ते गालिच्यासारखे दिसते, कापणी कमी लागते. पण ते फार हळू वाढते. एकदा पायवाट पडली की भरून यायला महिने जातात, आणि दुर्लक्ष झाल्यास त्याचे उंचवटे बनतात. कामगारांची ये-जा असलेल्या जागेत ते लावू नये.

विलायती बियांच्या पाकिटावरील चित्राला भुलू नये. विम्बल्डनच्या मैदानांवर २००१ पासून फक्त रायग्रास पेरले जाते. ते थंड हवेचे गवत आहे. आपला मे महिना त्याला सोसवत नाही.

आता पाण्याचा हिशेब. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर पाणी धरले, तर रोज सुमारे ५०० लिटर लागतात. महिन्याला १५,००० लिटर, म्हणजे पाच हजारी टँकरच्या तीन खेपा. हे झेपत नसेल तर गुंठ्याऐवजी पाव गुंठाच लावावा. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड मुरेपर्यंत द्यावे. मुळे खोल जातात.

लावणीस पावसाळ्याची सुरुवात उत्तम. जमीन वीतभर खणावी, खडे वेचावेत, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे, पाणी साचू नये असा हलका उतार ठेवावा. लव्हाळा असल्यास आधी पाणी देऊन उगवू द्यावा व गाठींसह काढावा. हे दोनदा करावे. मग हरळीचे मुळ्यांसह तुकडे सुमारे १० सेंटिमीटर अंतरावर टोचावेत. तयार गादी अंथरण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते, फक्त काही आठवडे सबुरी लागते. कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये.

कृत्रिम गवताबद्दलही विचारणा होते. तो तर आमच्याच धंद्यातला माल : पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा धागा गालिच्याप्रमाणे पाठीवर ओवलेला. त्याला पाणी लागत नाही, पण भर उन्हात ते इतके तापते की मुले अनवाणी चालू शकत नाहीत. गॅलरीसाठी ठीक, अंगणासाठी विचार करावा.

व्यापारी व कारागीर बांधवांनी नमुना पाहिल्याशिवाय माल घेऊ नये, हा बाजाराचा जुना नियम येथेही पाळावा. आधी चार हात जागेत गवत लावून एक उन्हाळा पाहावा. टिकले तर वाढवावे.