रिअल इस्टेटमध्ये करिअर करायचंय? एमबीएची फी भरण्याआधी हे तपासा

राजापूर : नाणार आणि बारसू ही नावं गाजली तेव्हापासून तालुक्यात जमिनीचा विषय घरोघरी पोचला आहे. पदवी झालेली अनेक मुलं आता ‘रिअल इस्टेटमध्ये जायचं’ म्हणतात आणि त्यांच्या मोबाईलवर एमबीएच्या जाहिराती येऊ लागतात. फी मात्र लाखांत असते. त्यासाठी घरची जमीन गहाण टाकण्याआधी नेमकं काम कोणतं करायचं, हे ठरवणं गरजेचं आहे.

एजंट व्हायचं असेल तर एमबीए लागत नाही

महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं किंवा प्लॉट विकून द्यायचे असतील तर एजंटची नोंदणी सक्तीची आहे. २०२३ पासून त्यासाठी २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. एकट्या व्यक्तीसाठी नोंदणी फी १० हजार रुपये असून ती ५ वर्षं चालते. नोंदणी न करता असे व्यवहार केल्यास दिवसाला १० हजार रुपये दंडाची तरतूद रेरा कायद्यात आहे.

गावाकडे प्लॉटिंग जोरात असतं, तिथेही हे लक्षात ठेवा. साधारण ५ गुंठ्यांपेक्षा म्हणजे ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर प्रकल्पाची महारेरात नोंदणी लागते.

एमबीए कोणासाठी?

बिल्डर कंपनीत प्रकल्पाचं नियोजन, बँकेत किंवा फायनान्स कंपनीत बांधकाम कर्जाचं काम, जमीन खरेदी विभाग, मोठ्या कंपनीत विक्रीचं नेतृत्व, अशा नोकऱ्यांसाठी व्यवस्थापनाची पदवी उपयोगी पडते. त्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला, याच विषयाचं खास एमबीए. पुण्याच्या बालेवाडीतलं निकमार हे बांधकाम व्यवस्थापनातलं जुनं नाव, १९८३ पासूनचं. आता ते विद्यापीठ आहे आणि तिथे रिअल इस्टेटचंही शिक्षण मिळतं.

दुसरा, राज्याची एमबीए सीईटी देऊन साधं एमबीए करायचं, फायनान्स किंवा मार्केटिंग घ्यायचं आणि इंटर्नशिप बांधकाम क्षेत्रात करायची. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज मिळालं तर खर्च बराच कमी होतो. उद्या क्षेत्र बदलावंसं वाटलं तरी ही पदवी कामी येते. बांधकामात तेजी-मंदी चालूच असते, त्यामुळे हा मुद्दा हलका नाही.

प्रवेशाआधी हे पाच प्रश्न विचारा

१. मान्यता कोणाची? एमबीए पदवी विद्यापीठाची असते, ते यूजीसीच्या यादीत हवं. पीजीडीएम असेल तर एआयसीटीईची मान्यता पाहा.
२. गेल्या वर्षी किती मुलांना, कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर घेतलं? ‘सर्वाधिक पगार’ एकाच मुलाचा असतो. मधल्या मुलाचा पगार विचारा.
३. इंटर्नशिप किती महिन्यांची आणि ती कॉलेज लावून देतं का?
४. जमीन कायदा, रेरा आणि मूल्यांकन हे विषय खरोखर शिकवतात का?
५. हॉस्टेल, मेस धरून दोन वर्षांचा एकूण खर्च किती?

कर्ज घेणार असाल तर आधी बँकेत जाऊन विचारा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या हमी योजनेतून तारण लागत नाही. त्यामुळे सातबारा घेऊन सावकाराकडे जाण्याची घाई नको.

कॉलेजआधीची शाळा गावातच

आपल्याकडे एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार असतात, अर्धे मुंबईला. मयताची वारस नोंद झालेली नसते, इतर हक्कात कुळाचं नाव असतं, जमीन वर्ग २ ची निघते. शेतजमीन घ्यायला घेणारा साधारणपणे शेतकरीच असावा लागतो. हे ज्याला वाचता येतं त्याची कंपनीलाही गरज असते. म्हणून प्रवेशाचा निर्णय होईपर्यंत घरचाच सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा आणि तलाठ्याकडे बसून समजून घ्या. त्यात गोडी वाटली, तर फीचा विचार पुढे करावा.