आईचीं कागदपत्रें आणि त्यांचें भाषान्तर

लेक अमेरिकेची नागरिक झाली, आणि वडिलांच्या मागें एकटी राहिलेली आई आतां आपल्याजवळ कायमची असावी असें तिला वाटूं लागलें, म्हणजे पुण्या-नाशिकच्या घरांतील जुन्या ट्रंका उघडल्या जातात. आईला तिकडे कायमचें राहावयाचें आहे काय, हें मात्र ट्रंक उघडण्यापूर्वीं तिलाच विचारावें. चार महिने नातवंडांत राहून परत यावयाचें असेल तर हा खटाटोप नको. एकवीस वर्षें पूर्ण झालेल्या नागरिकास आईबापांकरितां असा अर्ज करतां येतो, आणि या व्हिसांस वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. कायदा येथवर उदार आहे. अडचण येते ती ट्रंकेंतून निघालेल्या कागदांची.

लेकीला प्रथम सिद्ध करावयाचें तें एवढेंच, कीं ही माझी आई आहे. त्यासाठीं लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचें नांव लागतें. आतां आपल्याकडील रीत पाहा. लग्नांत तबकांतील तांदुळांवर आंगठीनें नवें नांव लिहिलें गेलें, कीं माहेरचें नांव मिटलें. शाळेच्या दाखल्यावर ‘कुसुम’ व वडिलांचें नांव. लेकीच्या जन्मदाखल्यावर आणि पासपोर्टावर ‘सुमति’ व पतीचें नांव. घरांत कोणासहि संशय नाहीं. परंतु परक्या अधिकाऱ्यास या दोन निराळ्या स्त्रिया वाटल्या, तर दोष त्याचा नव्हे.

मोह होतो तो येथेंच. “दाखल्याच्या भाषान्तरांतहि सुमतिच लिहून टाका,” असें एखादें वडीलधारें माणूस सुचवितें. हें कदापि करूं नये. अमेरिकेच्या नियमानुसार परभाषेंतील कागदाचें संपूर्ण इंग्रजी भाषान्तर लागतें. तें पूर्ण व बिनचूक आहे आणि आपण तें करण्यास समर्थ आहों, असें भाषान्तरकारास सहीनिशीं लिहून द्यावें लागतें. तो सरकारमान्यच हवा असें नाहीं. पण दोन्ही भाषा जाणणारा, आणि शक्यतों घराबाहेरचा असावा. मूळांत ‘कुसुम’ असेल तर इंग्रजींतहि ‘कुसुम’च राहिली पाहिजे. दोन नांवांचा सांधा जोडण्याचें काम निराळ्या कागदाचें : विवाहनोंदणीचा दाखला, नांवबदलाचें राजपत्र, किंवा प्रतिज्ञापत्र. जुनीं लग्नें पुष्कळदां नोंदलेलींच नसतात. महाराष्ट्रांत तीं मागाहूनहि नोंदवितां येतात.

‘संपूर्ण’ या शब्दांत शिक्के, समासांतील शेरे आणि मागील बाजूची नोंद हीं सर्व आलीं. अक्षर पुसट असेल तेथें ‘वाचतां येत नाहीं’ असें लिहावें. अंदाज भरूं नये. जुन्या शालान्त परीक्षेची ‘अकरावी’ असेल तर समजुतीखातर तिची ‘दहावी’ करूं नये. जन्मतारखेचेंहि तसेंच. शाळेंत नांव घालतांना गुरुजींनीं १ जून लावून दिलेल्या मुलामुलींची आपल्याकडे एक पिढीच आहे! घरच्या पत्रिकेंत श्रावण असला, तरी दाखल्यांतला १ जूनच भाषान्तरांत उतरला पाहिजे.

आईच्या स्वतःच्या जन्माची नोंद कोठेंच सांपडली नाहीं तरी घाबरण्याचें कारण नाहीं. जन्म-मृत्यु नोंदणीचा १९६९ चा कायदा होण्यापूर्वीं खेड्यांतून असें पुष्कळदां घडलेलें आहे. नोंद आढळत नाहीं असा दाखला स्थानिक कचेरींतून घ्यावा, आणि त्याला शाळेचा दाखला व वडील नातलगांचीं प्रतिज्ञापत्रें जोडावीं. येथें मात्र दिरंगाई नको. आईचा जन्म आठवणारी मावशी किंवा मामा आज ऐंशी-नव्वदीच्या घरांत असणार. आधीं त्यांच्याकडे जावें, बाकीच्या कचेऱ्या नंतर. प्रतिज्ञापत्रांत दोन्ही नांवें एकत्र लिहवून घ्यावीं, कीं माहेरची कुसुम ती हीच सासरची सुमति. आईला कुसुम म्हणून हाक मारणारें माणूसहि बहुधा तेवढेंच उरलेलें असतें.