अरबी ग्रंथांची पेटी आणि तिची किल्ली

इंदापूर तालुक्यात कोणी नुसते ‘वरकुटे’ विचारले, तर ‘खुर्द की बुद्रुक?’ असा उलट प्रश्न येतो. ही दोन्ही विशेषणे फारसीतून आली. पण पत्र योग्य दारी पोचते ते त्यांच्याच आधाराने. ग्रंथालयाचे कामही असेच पत्त्याचे असते. अरबी ग्रंथांचे संगणकीय ग्रंथालय उभारताना तर ते फारच जाणवते.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबूधाबी शाखेच्या पाठबळाने असे एक ग्रंथालय उभे राहिले आहे. प्रिन्स्टन, कोलंबिया, कॉर्नेल, तसेच कैरो व बेरूत येथील अमेरिकन विद्यापीठे, यांच्या कपाटांतील छापील अरबी पुस्तकांचे १५ हजारांहून अधिक खंड तेथे कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

पानांची छायाचित्रे घेणे हा यातला सोपा भाग. खरी अडचण पुढे येते. अरबी अक्षरे उजवीकडून डावीकडे एकमेकांस जोडून लिहितात. खाली एक टिंब दिले की ‘ब’, वर दोन दिली की ‘त’. ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहीतच नाहीत. पुसट छपाईत टिंब हरवले की यंत्र फसते. शिवाय इब्न सीना हाच युरोपात ‘अॅव्हिसेना’ झाला. सूचीत ही दोन नावे एकत्र आणली नाहीत, तर वाचक अर्ध्या वाटेवरूनच परततो.

याचा आपणांशी काय संबंध? आपल्या जुन्या मोडी कागदांवर शुहूर सन असतो, आणि तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळविले की इसवी सन येतो. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, याच शुहूर वर्षातली.

पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुन्या कागदांचा संग्रह व अभ्यास करीत आले आहे. पण घरोघरच्या माळ्यांवरील दप्तरांना वाळवी लागते आहे. त्यांची छायाचित्रे अवश्य घ्यावीत. मात्र प्रत्येकासोबत गाव, घराणे आणि उलगडलेला सन लिहून ठेवावा. ‘जुना मोडी कागद’ एवढीच नोंद केली, तर कागद वाचेल खरा. पण तो कोणाच्या वाचनात येणार नाही.