खरे प्रेम आणि एकच माप

'प्रेम' हा शब्द आपल्या कॉलेजात जितका कानांवर पडतो तितका दुसरा कोणताही पडत नसेल. सिनेमात तो आहे, गाण्यात आहे, वहीच्या शेवटच्या पानावरही आहे. पण खरे प्रेम म्हणजे काय, असे कोणी विचारले की आपण हसून विषय बदलतो. कोणी म्हणतो, त्याग म्हणजे प्रेम. कोणी म्हणतो, निष्ठा म्हणजे प्रेम. दोन्ही उत्तरे पटतात; मात्र त्याग कोणी करायचा आणि निष्ठा कोणी पाळायची, हा प्रश्न तसाच राहतो.

तो प्रश्न रोखठोक विचारणारी स्त्री आपल्या बुलढाण्याचीच होती. ताराबाई शिंदे हे तिचे नाव. वडील बापूजी हरी शिंदे येथील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण विधवेला स्वतःचे नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर टीका सुरू झाली. त्या मुलाला बापही होता, हे टीकाकार सोयीने विसरले. ताराबाईंनी संतापून 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. १८८२ साली पुण्यात तिच्या ५०० प्रती छापल्या गेल्या.

हे पुस्तक प्रेमावरचे नव्हे. तरीही प्रेमाचा अर्थ मला त्यातच सापडला. स्त्रियांचे म्हणून जे दुर्गुण सांगितले जातात ते एकेक घेऊन ताराबाई विचारतात, हे पुरुषांत नाहीत काय? बायको वारली की पुरुष दुसरी करतो. मग नवरा वारल्यावर बाईनेच जन्मभर का झुरावे? पातिव्रत्य बायकोचा धर्म, तर नवऱ्याचा धर्म कोणता? ज्या व्यापाऱ्याची घ्यायची पायली एक व द्यायची दुसरी, त्याला आपण लबाड म्हणतो. घरात मात्र हीच दोन मापे प्रेमाच्या नावाने चालतात.

आई सर्वांच्या मागून, उरलेले जेवते. त्याला आपण माया म्हणतो. पण वडिलांनी किंवा आपण एक दिवस तसे जेवावे, असे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणजे मायेचा सारा भार एकाच खांद्यावर! १९६१ च्या कायद्याने हुंड्याला बंदी केली, तरी 'आम्ही काही मागत नाही, तुम्ही प्रेमाने द्याल ते' हे वाक्य बैठकीत ऐकू येतेच. हे प्रेम वरपक्षाकडून वधूपक्षाकडे कधी जात नाही.

कोणी म्हणेल, प्रेमात हिशेब कसला? तान्ह्या बाळाशी आईने हिशेब करू नये, हे खरेच. पण दोन जाणत्या माणसांत एकाने नेहमी द्यावे व दुसऱ्याने नेहमी घ्यावे, तर ते प्रेम नसून सवय असते. जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांना मूल नव्हते. दुसरे लग्न करण्याचा आग्रह होऊनही जोतीरावांनी ते केले नाही. १८७४ साली त्या दोघांनी एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. शाळा चालवताना लोकांचा रोष दोघांनी सोसला. याला मी खरे प्रेम म्हणतो.

ताराबाईंच्या पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

मित्रहो, कोणावर आपले प्रेम आहे असे वाटले, तर स्वतःला एवढेच विचारावे : मी तिच्याकडून जे मागतो, ते तिने माझ्याकडे मागितले तर आनंदाने देईन काय? उत्तर 'होय' असेल तरच तो शब्द उच्चारावा.